कॉकॅटिलच्या पिल्लाचं नाव: घरात एकमत होईना, मदत करा

अनघा_मिरज
नमस्कार मंडळी. विषय लहान आहे, पण आमच्या घरात पंधरा दिवस दुसरं बोलणं नाही.

आमच्याकडे कॉकॅटिल या छोट्या जातीच्या पोपटाचं पिल्लू आलंय, साधारण तीन महिन्यांचं. राखाडी अंग, डोक्यावर पिवळसर तुरा, पंखांवर पांढरी पट्टी आणि दोन्ही गालांवर नारिंगी टिकल्या, कुणी शेंदराचं बोट टेकवल्यासारख्या. हँडफेड आहे, म्हणजे माणसाने हाताने भरवून वाढवलेलं, त्यामुळे माणसांना भीत नाही. पहिल्या दिवशी खोक्यातून निघालं ते थेट सासूबाईंच्या खांद्यावर चढलं आणि त्यांच्या तुळशीमाळेचा एकेक मणी चोचीत धरून बघत बसलं. त्या दिवसापासून आईंचा त्याच्यावर हक्क.

घोडं अडलंय ते नावावर. आई म्हणतात विठू. त्या वारकरी आहेत, रोज संध्याकाळी हरिपाठ असतो. पाखराच्या निमित्ताने दिवसातून पन्नास वेळा नाव जिभेवर येईल, अजामिळाने मुलाचं नाव नारायण ठेवलं म्हणून अंतकाळी तरला, हा त्यांचा आधार. ह्यांना ते पटत नाही. उद्या ते पडद्यावर शिटलं की "विठू, हे काय केलंस" असं आपणच ओरडणार, देवाचं नाव तसं तोंडातून जायला नको, असं ह्यांचं म्हणणं. लेक चौथीत आहे, तिला कोको हवंय. मला गालांवरून केशर सुचलं होतं. तोवर पिल्लू नुसतं "पिल्लू"च आहे.

नर की मादी तेही माहीत नाही. नाव कसं ठरवावं, आणि उशीर केला तर चालतं का?

वऱ्हाडी_ठेचा
ताई, मिठू ठेवा न. आमच्या आजोळी होता त्याचं नाव मिठूच, शेजाऱ्यांकडच्याचं पण मिठूच. पोपटाला मिठू आणि बैलाला सर्जा, यात डोकं खपवायचं कामच नाही.

रानवाटा
अभिनंदन अनघाताई. वर आजोळच्या मिठूचा उल्लेख आलाय म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण असे धागे वाचून लोक बाजारातून हिरवं पिल्लू उचलून आणतात.

आपला गळ्यावर पट्टा असलेला हिरवा पोपट, आणि विक्रेते ज्याला पहाडी म्हणतात तो खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पोपट, हे दोन्ही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. पकडणं, विकणं, घरात ठेवणं, सगळाच गुन्हा. ढोलीतून पिल्लं काढताना त्यातली कितीतरी वाटेतच मरतात, हे मी बचावकार्यात डोळ्यांनी पाहिलंय. निळ्या-पिवळ्या रंगाचा "रिंगनेक" म्हणून मिळतो तोही त्याच जातीचा पक्षी, रंग बदलला म्हणून जात बदलत नाही. झाडावरून पडलेलं पिल्लू सापडलं तर नाव ठेवत बसू नका, वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा.

कॉकॅटिल ऑस्ट्रेलियाचा. आफ्रिकन ग्रे, मकाव, सन कॉन्युअर या परदेशी पोपटांची 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कॉकॅटिल आणि बजरीगार (ज्याला आपल्याकडे दुकानदार सर्रास लव्हबर्ड म्हणतात) यांना ती लागत नाही. तेव्हा निश्चिंत राहा.

नावाबद्दल जाणकार बोलतीलच.

अनघा_मिरज
धन्यवाद रानवाटा. हे आधी विचारूनच आणलं होतं, पण आईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांच्या माहेरी हिरवा होता. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

शब्दवेडा
पोपटाच्या नावांची आपली परंपरा मोठी आहे, नुसत्या मिठूवर थांबू नका. शुक, कीर, रावा, राघू हे सगळे शब्द मराठीने वापरलेत. बाणभट्टाच्या कादंबरीत शूद्रक राजाच्या दरबारात जो पोपट येऊन कथा सांगतो, त्याचं नाव वैशंपायन. जायसीच्या पद्मावतातला पोपट हिरामण. मदुराईच्या मीनाक्षीच्या हातावर पोपट आहे, कामदेवाचं वाहन पोपट आहे. तुमच्याकडे हिरामण शोभेल. भारदस्त आहे, आणि हाक मारताना हिरा म्हणता येतं.

कावेरी
अनघा, मी अकरा वर्षं कॉकॅटिल सांभाळतेय, सध्या दोन आहेत. नाव माणसांनी आपापसांत ठरवण्याआधी ते पाखराच्या कानाने ऐकून बघा, एवढंच माझं सांगणं आहे. हिरामण आणि वैशंपायन वाचायला सुंदर आहेत, पण स्वयंपाकघरातून हाक मारताना चार-पाच अक्षरं म्हणेपर्यंत पाखराचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं. दोन अक्षरं पुरेत. पहिलं अक्षर ठसठशीत असावं, क, ट, च, झ असं काहीतरी. आणि शेवटचा स्वर ताणता आला पाहिजे. मिठू, राघू ही नावं पिढ्यान् पिढ्या टिकली ती काही उगाच नाही. त्यातला "ऊ" अंगणापलीकडे जातो.

दुसरं, घरात दिवसभर जे शब्द उडत असतात त्यांच्यासारखं नाव नको. माझ्या पहिल्या पाखराचं नाव मी निको ठेवलं होतं. ते पडदा कुरतडायला लागलं की मी ओरडायचे "नको!", आणि ते तुरा उभा करून, आनंदाने, धावत माझ्याकडे यायचं. मी रागावलेय हे त्याला कळायचंच नाही, त्याला वाटायचं बोलावतेय. दोन महिने हे चाललं, मग मी नाव बदलून टिकली केलं. नव्या नावावर यायला तिला तीन आठवडे लागले. तेव्हा घरातल्या माणसांची नावं, नको, ये, चल, गप, यांच्याशी ताडून बघ. शेजारी कुणी कोकी वगैरे असेल तर कोको बाद.

तिसरं, ह्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. देवाचं नाव आहे म्हणून नाही, तर कुठल्याच नावाने पाखराला रागवू नये म्हणून. नाव ऐकल्यावर त्याला चांगलंच काहीतरी मिळालं पाहिजे: राळ्याचं कणीस, मान खाजवून घेणं, खांद्यावर बसणं. नाव घेऊन ओरडलं की ते नाव वाया गेलं समज.

नर-मादी: राखाडी कॉकॅटिलमध्ये पहिली पिसं झडेपर्यंत डोळ्यांनी सांगता येत नाही. सहा-सात महिन्यांनंतर नराचा चेहरा चांगला पिवळा होतो, मादीच्या शेपटीखाली आडव्या रेघा राहतात. आधी कळायला हवं असेल तर पिसावरून डीएनए चाचणी होते. माझ्या दुसऱ्या पाखराचं नाव मी सखू ठेवलं, आणि सहाव्या महिन्यात सखूने आरशासमोर खांदे उचलून, पंख बदामासारखे धरून शीळ सुरू केली. नर! नाव तेच ठेवलंय, त्याला काही फरक पडत नाही. मला मात्र "सखू आला" म्हणताना अजून अडखळायला होतं. मराठीत आला-आली केल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही ना. तेव्हा दोन्हीकडे चालेल असं नाव बघ.

आणि उशीर झाला तरी चालतो. नीट सांभाळलं तर हे पाखरू पंधरा-वीस वर्षं तुमच्यात राहील. तुझी लेक तेव्हा नोकरीला लागलेली असेल. तेव्हाही तिला हौसेने हाक मारता येईल असं नाव हवं, त्यासाठी पंधरा दिवस म्हणजे काहीच नाही.

वऱ्हाडी_ठेचा
कावेरीताई, हे नको-निको फार कामाचं सांगितलं. आमच्या मिठूला "उठ" म्हटलं की तो मान वर करायचा, त्याचं कारण आज उमगलं.

सिंधुदुर्गकर
कावेरी यांनी पाखराच्या कानाचं सांगितलं, मी गल्लीच्या तोंडाचं सांगतो.

आमचं कॉकॅटिल मे महिन्यात उडालं. मागीलदारची जाळी वाऱ्याने उघडली आणि ते सरळ फणसाच्या शेंड्यावर. तिथून उडालं ते दिसेनासं झालं. ही पाखरं ताकदीची असतात, मैलभर सहज जातात. रात्र झाली. सकाळी पाच वाजता मी आणि पत्नी हाका मारत वाडीत फिरायला लागलो. त्याचं नाव चिकू. अर्ध्या तासाने बघतो तर पाणंदीच्या पलीकडे कुणीतरी "चिकू, चिकू" करतंय, खाली काजूच्या बागेत पोरं ओरडतायत, दूध घालायला निघालेले गृहस्थ सायकल धरून हाका मारतायत. ज्यांनी त्याला कधी पाहिलंही नव्हतं त्यांना नाव तोंडपाठ झालं, कारण म्हणायला सोपं. दुपारी अकराच्या सुमारास तिसऱ्या घराच्या कौलांवरून त्याने उत्तर दिलं. मी पिंजरा अंगणात उघडून ठेवला, ही हळूहळू तेच नाव घेत राहिली, आणि अर्ध्या तासाने ते तिच्या डोक्यावर येऊन बसलं. घशाला कोरड पडली होती त्याच्या.

त्याआधी आमच्या मुलाने त्याचं नाव एका परदेशी खेळाडूवरून ठेवायचं म्हणून हट्ट धरला होता. ते नाव त्या दिवशी वाडीतल्या एकालाही म्हणता आलं नसतं. तेव्हा नाव ठरवण्याआधी गच्चीवर जाऊन मोठ्याने म्हणून बघा. लाज न वाटता, दहा वेळा, आणि शेजारच्या आजींनाही म्हणायला लावा.

अनघा_मिरज
अंगावर काटा आला वाचून. आजच खिडकीच्या जाळीच्या खिट्ट्या बदलून घेते.

ह्यांनी सकाळी बागेत "केशर" म्हणून हाक मारून पाहिली. शेवटच्या "र"ला हाक तिथेच संपते. मीच माझं नाव मागे घेतलं.

मेलबर्नची_मृणाल
इथे कॉकॅटिल म्हणजे रानपाखरू. शहराबाहेर कोरड्या भागात गेलं की तारेवर रांगेने बसलेले दिसतात. काही भागांत त्यांना क्वारियन म्हणतात. तुऱ्यामुळे कळतंच, पण खरोखरच ही काकाकुवाच्या कुळातली सर्वांत लहान जात आहे.

मला एक भर घालायचीय. पोपटांना नाव ही गोष्ट माणसांनी शिकवलेली नाही. व्हेनेझुएलात रानातल्या छोट्या पॅरटलेट पोपटांच्या घरट्यांत कॅमेरे आणि माइक लावून अभ्यास झाला, 2011 मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रत्येक पाखराची स्वतःची ओळखीची हाक असते हे आधी ठाऊक होतं. त्यात दिसलं असं की पिल्लं ही हाक आईबापांकडून उचलतात. अंडी अदलाबदल केली तरी पिल्लं ज्यांनी वाढवलं त्यांच्यासारखी हाक घेतात. मग पिल्लू त्यात थोडा बदल करून ती स्वतःची करतं. म्हणजे जवळजवळ बारसंच.

तेव्हा तुम्ही शब्द ठरवताय तो ठरवाच, पण सोबत एक शीळही ठरवा. दोन सुरांची, घरात सगळ्यांना जमेल अशी. कॉकॅटिल शब्दापेक्षा शीळ लवकर उचलतात, आणि ते कुठल्या खोलीत आहे ते न बघता तुम्हाला कळतं.

शब्दवेडा
मृणाल, फार सुंदर माहिती. हिरामणचा आग्रह मी मागे घेतो.

पिल्लू स्वतः बदल करतं यावरून अ‍ॅलेक्स आठवला. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांनी 1977 मध्ये दुकानातून आणलेला आफ्रिकन ग्रे, 2007 मध्ये गेला. रंग, आकार, वस्तू मिळून शंभराच्या आसपास शब्द तो समजून वापरत असे. त्याला सफरचंदासाठी अ‍ॅपल हा शब्द शिकवत होते. त्याने तो घेतला नाही, आणि स्वतःच बॅनेरी म्हणायला लागला. बनाना आणि चेरी हे दोन शब्द त्याला येत होते, त्यांतूनच तो बनला असावा असं मानलं जातं. पोपटाला ओठ नसतात, आवाज छातीजवळच्या सिरिंक्स नावाच्या अवयवातून निघतो आणि जिभेने घडतो. त्यामुळे आपण शिकवतो ते आणि त्याला म्हणता येतं ते, यांत अंतर राहतंच.

अनघा_मिरज
इथपर्यंत सगळं रात्री जेवताना वाचून दाखवलं. आता कोको, झेंडू आणि विठू एवढी तीन उरली आहेत. झेंडू लेकीचं. दसऱ्याच्या वेळचा फोटो बघत होती, तोरणातलं फूल बघितलं आणि म्हणाली, "आई, हा बघ त्याचा गाल." मला एकदम आवडलं, हेही लगेच तयार झाले.

आई मात्र विठूवर ठाम आहेत. त्या म्हणतात, गणिकेला पोपटाने तारलं, तुम्ही मला का अडवता? यावर आमच्याकडे उत्तर नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्यांना अडवायचंही नाही. त्या घरात दिवसभर एकट्या असतात, पाखरू सगळ्यात जास्त त्यांच्यापाशीच असणार आहे.

गोदाकाठ
अनघाताई, मी पैठणकडचा. आमच्या घरात सात पिढ्या वारी आहे, म्हणून थोडं अधिकाराने लिहितो. तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि एवढंच विचारा, की गणिकेच्या पोपटाचं नाव काय होतं?

तिने पोपटाचं नाव राम ठेवलं नव्हतं. तिने पोपटाला रामनाम शिकवलं. त्याला शिकवताना रोज तिला स्वतःला ते म्हणावं लागलं, आणि त्या म्हणण्याने ती तरली. संतांनी अभंगांत गणिका आणि अजामिळ यांची नावं जोडीने घेतली, म्हणून आपणही ती जोडीने घेतो. पण दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. अजामिळाने नाव ठेवलं, गणिकेने नाव शिकवलं.

तुमच्या घरात पाखरू आहे, तेव्हा गणिकेची वाट धरा. हाक मारायला लेकीचं झेंडू असू द्या. आणि हरिपाठ झाला की सासूबाईंनी त्याच्यासमोर बसून "विठू विठू" शिकवावं, रोज, त्याच वेळी, त्याच चालीत. हाकेचं नाव जेवणाखाणाला, रागालोभाला येणारच. शिकवायचं नाव त्यातून बाजूला राहील, मग तुमच्या ह्यांचीही अडचण उरत नाही.

झेंडू हे नावही काही देवापासून लांब नाही. देवाच्या गळ्यातल्या हारात तेच असतं.

कावेरी
गोदाकाठ, नमस्कार घ्या. मला हे सुचलं नसतं. आणि पाखराच्या दृष्टीनेही हेच बरोबर. हाक वेगळी आणि शिकवायचा शब्द वेगळा असला की त्याचा गोंधळ होत नाही.

झेंडू माझ्या कसोटीला पुरेपूर उतरतं: दोन अक्षरं, झ ठसठशीत, ऊ ताणता येतो, आणि "तो झेंडू" रूढ असला तरी पाखराच्या बाबतीत "झेंडू आली" कानाला खटकत नाही.

सिंधुदुर्गकर
गच्चीवरची हाक?

अनघा_मिरज
मारली. मी आणि लेक दोघी. समोरच्या इमारतीतल्या काकूंनी खिडकी उघडून "काय गं, दसरा लांब आहे अजून" असं विचारलं. त्यांना सांगितलं तर त्यांनीही दोनदा म्हणून दाखवलं.

गोदाकाठ, तुमचा प्रतिसाद आईंना शब्दशः वाचून दाखवला. त्यांनी परत वाचायला लावला. मग म्हणाल्या, "खरंय. तिनं शिकवलंच होतं." उठून त्यांनी पिंजऱ्यापाशी खुर्ची ओढून घेतली. नाव झेंडू ठरलं. शीळ ह्यांनी ठरवलीय, खालून वर जाणारे दोन सूर. मला अजून जमत नाही, लेकीला पहिल्याच दिवशी जमली.

रानवाटा
छान. एक काळजी: पहिले काही दिवस घरातल्या सगळ्यांनी तेच नाव, त्याच सुरात. झेंड्या, झेंडुली, बाळ्या हे लाडाचे प्रकार महिनाभराने.

अनघा_मिरज
अडीच महिन्यांनी परत लिहितेय. मध्ये बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं, म्हणून.

झेंडू नावाला ओळखते. हो, ओळखते. पिसं पाठवून चाचणी केली, मादी आहे. लेक इतके दिवस "तो" म्हणत होती, आता दर वाक्याला चुकते आणि स्वतःला दुरुस्त करते. हाक मारली की आधी तुरा उभा राहतो, मग मान वळते, मग ती येते. ह्या क्रमात अजून बदल झालेला नाही. ह्यांनी बाथरूममधून शीळ घातली की दोनातला वरचा सूर तिच्याकडून परत येतो, खालचा ती गाळते. मृणाल म्हणाली तसं, तिने तो आपल्यापुरता करून घेतलाय. आता आम्हीही बोलावताना नुसता वरचाच घेतो.

"विठू विठू" मात्र एकदाही आलेलं नाही. मादी कॉकॅटिल सहसा बोलत नाहीत हे कावेरीने मला वेगळं कळवलं होतं. हे आईंना कसं सांगायचं याचा मी दोन दिवस विचार करत होते. शेवटी काल संध्याकाळी सांगितलं. टाळ खाली न ठेवताच त्या म्हणाल्या, "मग ऐकू दे की. नवविधा भक्तीत पहिलं श्रवणच आहे." आणि पुढचा अभंग सुरू केला. झेंडू त्यांच्या गुडघ्यावर बसली होती, एक पाय पोटात घेऊन, डोळे अर्धे मिटून.

कावेरी, आता तिला मोठा पिंजरा घ्यायचाय. दोन गजांमधलं अंतर किती असावं ते सांग.

कावेरी
अर्धा ते पाऊण इंच, त्याहून जास्त नको, डोकं अडकतं. गज आडवे बघ, त्यांना चढायला आवडतं. आणि झेंडूचा एक फोटो टाक, गाल दिसतील असा.